पिनरमधून आणलेली लाईट

मी लंडनजवळच्या स्लाऊमधल्या ज्या कंपनीत काम करते ती वीज तयार करत नाही, विकतही नाही. वीजमंडळांच्या कंट्रोल रूममध्ये समोरच्या भिंतीवर एक भलामोठा नकाशा असतो. कुठली लाइन चालू, कुठली बंद, कुठल्या भागाला किती लोड जातोय, सगळं त्यावर दिसतं. तो नकाशा चालवणारं सॉफ्टवेअर आमचं. बऱ्याच देशांत ते बसवलेलं आहे आणि प्रत्येक देश आमच्यातल्या कुणा ना कुणाच्या गळ्यात घातलेला आहे. माझ्या शेजारी बसणाऱ्याला एक थंड, श्रीमंत, शांत देश मिळाला; तो दुपारी सुडोकू सोडवतो. माझ्या वाट्याला जो देश आला त्याचं नाव सांगण्याआधी मॅनेजरने मला कॉफी पाजली.

मीही ते नाव इथे सांगत नाही. माझ्या मैत्रिणीला तिथेच राहायचं आहे.

तिथल्या कंट्रोल रूमच्या प्रमुख एक बाई होत्या. हाताखालचे लोक त्यांना ज्या नावाने हाक मारायचे त्याचा अर्थ 'इंजिनीअरबाई' असा होतो, म्हणून मीही तेच धरलं. पन्नाशी ओलांडलेल्या, खांद्यावर कायम एक राखाडी शाल, इंग्रजी स्वच्छ आणि सावकाश. रोज सकाळी आमचा व्हिडिओ कॉल असायचा. पहिल्याच कॉलला बोलता बोलता त्यांच्या खोलीत अंधार झाला, मागे जनरेटर घरघरला, दिवे परत आले, आणि बाईंनी अर्धवट राहिलेलं वाक्य तिथूनच पुढे सुरू केलं. काय झालं, मी विचारलं. उत्तरेकडच्या लाइनचा टॉवर पडला, म्हणाल्या. इतकी वर्षं इंग्लंडात काढल्यामुळे माझ्या तोंडून सहज निघून गेलं, वाऱ्याने का?

"नाही," त्या म्हणाल्या. "माणसांनी."

आपण मराठीत 'लाईट गेली' म्हणतो, जणू रुसून माहेरी गेली. दोन दिवसांनी येईल आपली आपण. त्यांच्या देशात तिला पळवून नेत होते. कधी डोंगरातले बंडखोर टॉवर पाडायचे, कधी मागच्या सरकारची माणसं, कधी नुसतेच लोखंडचोर. आमचं काम सुरू झाल्यापासून तिथलं सरकार दोनदा बदललं होतं आणि दोन्ही वेळा आम्हाला सगळ्या स्क्रीनवरचं बोधचिन्ह बदलून द्यावं लागलं होतं. टॉवर कुणी पाडला यात बाईंना फारसा रस नसायचा. कुणीही पाडला तरी उभा करायला लोखंड तेवढंच लागतं, म्हणायच्या. फक्त ज्या दिवशी दुरुस्तीची टोळी डोंगरात गेलेली असेल त्या दिवशी त्या कमी बोलायच्या. आधी सुरुंग शोधणारे जायचे, मग सैनिक, मग वायरमन. संध्याकाळी सगळे परत आले की मला एकाच शब्दाचा मेसेज यायचा: 'उतरले.'

अशा कॉलवर माणूस किती दिवस फक्त कामाचं बोलणार? हळूहळू त्यांच्या मुलीचं लग्न आलं, माझ्या मुलीची जीसीएसई, म्हणजे इथली दहावी, आली, दोघींच्या गुडघ्यांची तुलना झाली. त्यांच्या मुलीचं लग्न त्यांनी भर दुपारी ठेवलं होतं. सगळे नातेवाईक नाराज. संध्याकाळचा थाट दुपारी कसा येणार? बाईंनी सांगितलं, लोड वाढतो संध्याकाळी, मला माझ्या पोरीच्या लग्नात उभं राहायचंय, कंट्रोल रूममध्ये नाही. लग्न उन्हात, घामाघूम होऊन, व्यवस्थित पार पडलं.

मग आमच्या कंपनीने त्यांना ट्रेनिंगसाठी स्लाऊला बोलावलं. कंपनीने त्यांना राउंडअबाउटच्या कडेच्या एका हॉटेलात ठेवलं होतं, जिथली खिडकी उघडत नव्हती आणि नाश्ता रोज बीन्सचा होता. शुक्रवारी मी त्यांना म्हटलं, वीकेंडला माझ्याकडे चला. त्यांनी एकदाही नको म्हटलं नाही. बॅग भरूनच आणली होती.

स्लाऊहून पिनरला आमच्या घरी येताना त्यांनी मध्येच गाडी थांबवायला सांगितली. मला वाटलं गाडी लागली. पण त्यांना रस्त्याकडेच्या शेतातला टॉवर बघायचा होता. इथल्या इंग्रजीत पायलॉन. इथे त्याच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. खाली दोन घोडे चरत होते, अंगावर जॅकेटं घातलेले. एक म्हातारा कुत्र्याला घेऊन टॉवरच्या पायाशेजारून निघून गेला. बाई बराच वेळ बघत राहिल्या. पहारेकरी कुठे आहे, त्यांनी विचारलं. नाहीये, मी म्हटलं. मग त्यांना टॉवरवरची पिवळी पाटी दिसली, 'जिवाला धोका' अशी, आणि त्या इतक्या हसल्या की घोड्यांनी मान वर केली.

"तुमच्याकडे टॉवर माणसाला दम देतो," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे उलटं आहे."

घरी सासूबाई वाट बघत होत्या. त्यांना मी आईच म्हणते. त्या परभणीच्या शाळेत शिक्षिका होत्या. सासरे गेल्यापासून आमच्याकडे असतात. इंग्रजी समजतं, बोलायला संकोचतात, मग मी मध्ये दुभाषी. दोघींचं जमायला जो विषय लागतो तो चहाच्या आतच निघाला. आईंनी विचारलं, तुमच्याकडे भारनियमनाचं वेळापत्रक पाळतात का? बाईंनी प्रामाणिकपणे सांगितलं, नाही. आई म्हणाल्या, आमच्याकडेही नव्हते पाळत. झालं. त्यानंतर परभणीत बोर्डाच्या परीक्षेच्या दिवसांत आई मुलांना पहाटे शाळेच्या ओट्यावर कसं बसवायच्या, पाण्याची मोटर चालू करायला कोण कसं पळायचं, सगळं सांगून झालं आणि मला स्वतःचा चहा गार प्यावा लागला.

जेवताना माझ्या मुलीने विचारलं. तिचं मराठी आमच्या घरात कौतुकाचा आणि काळजीचा विषय आहे. ती म्हणाली, "पण टॉवर पडली की त्यांच्याच घरातला लाईट जाते ना? मग ते का पाडते?" मी लिंग-वचन दुरुस्त करून इंग्रजीत सांगितलं. बाईंनी पानातला घास खाली ठेवला. मंत्र्याच्या घरावर पहारा असतो, त्या म्हणाल्या, बँकेवर असतो. टॉवर रानात एकटा उभा असतो आणि तो पडला की राजधानीला कळतं. ज्याचं कुणी ऐकत नाही त्याला एवढं पुरतं. मग म्हणाल्या, त्याचं ऐकायला हवं होतं हे खरं आहे, पण तो लाईट बंद करतो ती माझ्या हॉस्पिटलची.

शनिवारी दुपारी नवरा कॉव्हेंट्रीला मित्राकडे गेला होता. आई थालीपीठं लावत होत्या, बाई शेजारी उभ्या राहून पीठ थापायला शिकत होत्या. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. त्यांनी पिठाच्या हाताने उचलला, आणि त्यांचा चेहरा कॉलवर पाहिलेल्या चेहऱ्यासारखा झाला.

एकाच वेळी दोन लाइनींचे टॉवर पाडले होते. राजधानीला वीज आणणाऱ्या त्या दोनच मोठ्या लाइनी. उरलेल्या लहान लाइनींवर सगळा भार आला, त्या एकामागून एक ट्रिप झाल्या आणि अख्खं शहर बंद पडलं. तिकडे संध्याकाळ होत आली होती. फोनवर त्यांचे डेप्युटी होते, वयाने त्यांच्याहून मोठे, नोकरी संपायला आलेली. काय करायचं हे त्यांना नीट माहीत होतं. पण आदेश द्यायला ते तयार नव्हते. मागच्या वेळी असं झालं तेव्हा ज्या अधिकाऱ्याने शहर परत चालू केलं, त्याला नंतर चौकशीला नेलं होतं: अमक्या भागाला आधी वीज का दिलीस, तू कुणाचा माणूस? तो अधिकारी परत कामावर आलाच नाही.

बाईंनी हात पुसले, फोन स्पीकरवर टाकला, खुर्ची ओढली आणि मला विचारलं, तुझा लॅपटॉप इथे आहे का?

होता. आमच्याकडून त्यांचा नकाशा फक्त बघता येतो. बटण दाबता येत नाही. मी लॉगिन केलं. एरवी हिरव्या रेघांनी भरलेली स्क्रीन जवळजवळ पूर्ण राखाडी होती. एवढं मोठं शहर असं राखाडी मी कधीच पाहिलं नव्हतं. आईंनी गॅस बंद केला.

"कॉल रेकॉर्डवर घ्या," बाई डेप्युटींना म्हणाल्या. हे त्या मुद्दाम आधी इंग्रजीत, मग त्यांच्या भाषेत बोलल्या. "आदेश माझे आहेत. नाव माझं लिहा."

पुढचं त्यांनी मला मधून मधून सांगितलं म्हणून कळलं. दक्षिणेला धरणावरचं वीजकेंद्र बाहेरच्या विजेशिवाय सुरू होऊ शकतं. ते सुरू करायचं, त्यावर एक लाइन शहरापर्यंत आणायची आणि मग थोडा थोडा भाग जोडत जायचं. एकदम जास्त जोडलं तर धरणाचं मशीन धापा टाकतं आणि पुन्हा सगळं बंद. धाप लागलीय का ते फ्रिक्वेन्सीच्या आकड्यावरून कळतं. तो पन्नासच्या आसपास राहिला पाहिजे. तो आकडा मोठ्याने वाचणं हे माझं काम. पंचवीस वर्षांच्या नोकरीत मी इतकं सोपं आणि इतकं अवघड काम केलेलं नाही.

आधी मोठं हॉस्पिटल. आकडा किंचित खाली गेला, सावरला. मग पाण्याचे पंप. तो चांगलाच घसरला, मग हळूहळू वर आला. आता तिसरं कोण?

इथे फोनवर एक नवा आवाज आला. मंत्र्यांचे सेक्रेटरी स्वतः कंट्रोल रूममध्ये येऊन डेप्युटींच्या डोक्याशी उभे होते. ते परदेशात शिकलेले, त्यामुळे रागावले की इंग्रजीत बोलायचे; आम्हाला सगळं समजलं. मंत्र्यांची वसाहत आत्ताच्या आत्ता जोडा, ते म्हणाले. शहरात आणीबाणी आहे आणि राज्यकर्ते अंधारात बसलेत.

मी आईंना सांगितलं. आई म्हणाल्या, "त्याला म्हणावं, रेशनच्या दुकानात रांग असते तशी इथेही आहे." बाईंनी माझ्याकडे बघितलं, मी हळूच इंग्रजी केलं, त्यांच्या ओठांच्या कडा हलल्या. पण फोनवर त्यांचा सूर अतिशय अदबीचा होता.

"साहेब, तुमच्या वसाहतीत प्रत्येक खोलीत एसी आहे," त्या म्हणाल्या. "सगळ्यांची बटणं चालूच राहिलेली आहेत. मी जोडलं की ते सगळे एकदम अंगावर येतील आणि धरण बसेल. मग तुम्हालाही नाही, हॉस्पिटललाही नाही. तुम्ही घरोघरी जाऊन एसी बंद करून घ्या, मी लगेच जोडते."

आणि तिसरा भाग त्यांनी जुनं शहर घेतला. तिथे दाटीवाटीची घरं, पंखे आणि दिवे, एसी नावाला. लोड लहान आणि अंदाज येण्यासारखा, धरणाला पेलणारा. फक्त एक अडचण होती. बंडखोरांना सहानुभूती असलेला भाग म्हणून तो बदनाम होता. डेप्युटींनी भागाचं नाव पुन्हा विचारलं. बाईंनी तोच आदेश पुन्हा दिला, आधीच्याच आवाजात. माझ्या स्क्रीनवर राखाडीत एक हिरवा ठिपका उमटला, मग त्याच्या शेजारी आणखी एक. मी आकडा वाचला. तो हलला नव्हता.

काही वेळाने डेप्युटी एकदम भडाभडा बोलायला लागले आणि बाई हसू दाबू लागल्या. सेक्रेटरींनी खरोखरच सुरक्षारक्षकांना घरोघरी पाठवलं होतं. मंत्र्यांच्या बायकांना दारावर बंदूकधारी माणूस येऊन एसी बंद करायला सांगत होता. एका घरी त्यांना पाहून क्रांती झाली असं वाटून लोक मागच्या दाराने पळाले होते. वसाहत बिनएसीची जोडली गेली. आकडा जागचा हलला नाही.

नवरा परतला तेव्हा अर्धी स्क्रीन हिरवी होती, किचनमधून कोणी उठलेलं नव्हतं आणि थालीपीठाचं पीठ वाळून गेलं होतं. त्याने काही न विचारता हायस्ट्रीटवरून फिश अँड चिप्स आणले. बाईंनी ते सगळे संपवले, आईंच्या वाट्याचेही.

रविवारी मात्र आमच्या घरी गंभीर चर्चा झाली. तिकडच्या टीव्हीवर सांगत होते, की परदेशात बसलेल्या एका अधिकाऱ्याने शत्रूच्या वस्तीला आधी वीज दिली. कोणत्या देशातून, कुणाच्या सांगण्यावरून, असे प्रश्न विचारणं सुरू झालं होतं. नवऱ्याने त्याच्या ओळखीच्या सॉलिसिटरचा नंबर काढून ठेवला. इथे राहण्याचा अर्ज करा, तो म्हणाला, तुमच्याइतका अनुभव असलेल्यांना इथे काम आहे. मलाही तेच वाटत होतं. मी तसं बोलले. आईंनी तेवढ्यात भाजणीचं पीठ डब्यात भरायला घेतलं.

बाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "पुढच्या आठवड्यात माझ्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. तारीख मोठ्या मुश्किलीने मिळालीय." थोड्या वेळाने त्यांनी आपणहून सांगितलं, की भीती वाटतेच, विमानात बसल्यावर जास्त वाटेल. पण त्या परत गेल्या नाहीत तर चौकशी डेप्युटींची होईल, आणि त्यांनी आदल्या दिवशी फक्त सांगितलं तेवढं केलं होतं.

विमानतळावर मी त्यांना घट्ट मिठी मारली, जी आम्हा दोघींच्या सवयीची नव्हती. आईंनी भाजणीचं पीठ दिलं होतं, तिकडच्या कस्टम्सला ते काय आहे म्हणून सांगायचं यावर गाडीत बराच खल झाला होता.

नंतरचे काही आठवडे रोजच्या कॉलवर डेप्युटी असायचे. त्यांना विचारलं की ते म्हणायचे, मॅडम ठीक आहेत, आणि लगेच कामाचं बोलायचे. मी ऑफिसात नकाशा उघडून बसायची. त्यात माणसं दिसत नाहीत. चौकशी झाली. बाईंनी समितीपुढे आकड्यांचा आलेख ठेवला आणि वसाहत आधी जोडली असती तर काय झालं असतं ते काढून दाखवलं. समितीतल्या कुणाला किती समजलं ते देव जाणे. पण रेकॉर्डवर सेक्रेटरींचा आवाजही होता, आणि तो बाहेर ऐकवावा अशी कुणाची इच्छा नव्हती. बाईंना दोषी ठरवलं नाही, निर्दोषही नाही. त्यांना ट्रेनिंग सेंटरमध्ये पाठवलं, नव्या इंजिनीअरांना शिकवायला.

तिथून त्यांचा पहिला फोन आला तेव्हा त्या खूश होत्या. रात्री झोप लागते, म्हणाल्या. त्यांच्या आईचा डोळा छान झालाय, तिला आता भिंतीवरची धूळ दिसते आणि ती सगळ्यांना कामाला लावते. थालीपीठ जमलं नाही, तव्याला चिकटलं. आईंनी फोन माझ्या हातातून घेतला आणि पहिल्यांदा स्वतः इंग्रजीत सांगितलं, की तव्यावर आधी तेल, मग पीठ, आणि मधोमध भोकं पाडायची.

पुढच्या उन्हाळ्यात तिकडे सरकार पुन्हा बदललं. आम्ही बोधचिन्ह बदलून दिलं. नव्या मंत्र्यांना कंट्रोल रूममध्ये आपला माणूस हवा होता, त्यांनी तो बसवला, आणि पहिल्याच मोठ्या बिघाडात त्या माणसाने उत्साहाने अख्खी वसाहत एसींसकट जोडली. शहर दोनदा बंद पडलं. संध्याकाळी ट्रेनिंग सेंटरच्या दारात सरकारी गाडी उभी राहिली. बाई वर्ग घेत होत्या. त्यांनी ड्रायव्हरला थांबायला सांगितलं, धडा संपवला, आणि मग शाल घेऊन गाडीत बसल्या.

आता रोजच्या कॉलवर पुन्हा त्याच असतात. टॉवर पडतच आहेत, पूर्वीपेक्षा कमी, असं त्या म्हणतात. मला ते खरं वाटावं असं वाटतं. डेप्युटी निवृत्त होऊन गावी गेले, त्यांनी मधमाश्या पाळल्यात. काल दुरुस्तीची टोळी पूर्वेच्या डोंगरात होती, त्यामुळे बाई कमी बोलल्या. मी घरी आले, मुलीला तिच्या ए-लेव्हलच्या, म्हणजे इथल्या बारावीच्या, फिजिक्समध्ये काहीतरी अडलं होतं, ते बघत बसले. जेवणं झाल्यावर फोनवर मेसेज आला. 'उतरले,' एवढंच होतं. आईंना वाचून दाखवलं, त्या बरं म्हणाल्या आणि डिशवॉशर लावायला उठल्या.